पाच किलो बियाणं, पण किती झाडांचं?

पुण्यातल्या एका नातवाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोळ पेण तालुक्यातल्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. आजी अजूनही पाच गुंठ्यांत लाल राता भात करते, आणि त्याचं पाचेक किलो बियाणं घरात आहे. आजींचं वय ऐंशीच्या पुढे, बाकी सगळ्या शेतात मामा सुधारित वाण लावतात. नातवाला विचारायचंय, हे बियाणं पुण्याला आणून फ्रिजमध्ये ठेवू की जीन बँकेला पाठवू? तळ्याकाठचं देवभात, म्हणजे आपोआप उगवणारं रानटी भात, मामा तणनाशक मारून संपवणार आहेत, ते राहू द्यायला सांगू का? आणि परसातला जुना रायवळ आंबा रस्ता रुंद करताना जाणार आहे, त्याचं काही होईल का?

मी कोकणात आणि घाटावर बियाणं गोळा करणं, वाढवणं, परत गावात देणं हेच काम वीसेक वर्षं करतोय, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

फ्रिजकडे नंतर येऊ. तुमच्या प्रश्नात एक आकडा आहे, दुसरा नाही. बियाणं पाच किलो आहे हे लिहिलंत, ते किती झाडांचं आहे ते लिहिलं नाहीत. मला दुसरा आकडा हवाय.

हजार दाण्यांचं वजन 25 ग्रॅम धरलं तर एका किलोत 40 हजार दाणे, पाच किलोत दोन लाख. ऐकायला खूप वाटतं. पण बऱ्यापैकी वाढलेल्या एका चुडाला (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याला) आठ-दहा लोंब्या आणि लोंबीला शंभरेक दाणे धरले, तर एकट्या चुडातून हजार दाणे निघतात. तुमचे दोन लाख दाणे दोनशे चुडांतूनही येऊ शकतात. आजी झोडणीनंतर खळ्यातल्या ढिगातून बियाण्याचं भात बाजूला काढत असतील, तर त्यात पाचही गुंठ्यांची झाडं मिसळलेली असतील, काळजी नाही. पण बांधाजवळच्या एका तुकड्यातलं भरघोस भात आधी कापून तेवढंच बियाण्याला ठेवत असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आजींना पहिला प्रश्न हा विचारा: बी कुठून काढतेस?

एवढा खल कशासाठी, तर राता हे एक झाड नव्हे, हजारो झाडांचा जमाव आहे. बाजारातून आणलेल्या सुधारित वाणाची पिशवी फोडली की सगळी रोपं जवळजवळ एकसारखी निघतात. तशीच निघावीत म्हणून तो वाण शुद्ध केलेला असतो. जुन्या वाणाचं तसं नसतं. आजींच्या खाचरात भात पिकत असताना वाकून पाहिलंत तर काही झाडं चार बोटं उंच, काहींच्या दाण्याच्या टोकाला केसासारखं कूस, काही आठवडाभर आधी पिकलेली दिसतील. खारेपाटात हा फरक शोभेचा नाही. भाताला खारं पाणी दोन वेळा जास्त बाधतं, एकदा कोवळ्या रोपाला आणि एकदा फुलोऱ्यात. जूनमध्ये पाऊस लांबला तर जमिनीतलं मीठ पुरतं धुवून जात नाही, आणि रोपपणी टिकणारी झाडं तरतात. ऑक्टोबरात पाऊस लवकर गेला की मीठ पुन्हा वर चढतं, तेव्हा लवकर पिकणारी झाडं सुटतात. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली आणि पाणी आत शिरलं, तर तिसरीच कुठली तरी वाचतात. दर साली कुणीतरी वाचतं, म्हणून वाण वाचतो.

काळा राता आणि भुरा राता हे रायगडच्या खाजण (खाडीकाठच्या खाऱ्या) जमिनीतले वाण. खारपड जमिनीत टिकणारे वाण तयार करताना भातशास्त्रज्ञांनी त्यांचा उपयोग केलेला आहे. केरळच्या पोक्काळी भातातला क्षार सहन करण्याचा गुण जनुकांच्या नकाशावर पहिल्या गुणसूत्रावर सापडला, त्याला ‘सॉल्टॉल’ म्हणतात. म्हणून राता आणि पोक्काळी एकच काम करतात असं धरून चालू नका. गोव्याच्या खाजणातला कोरगुट घ्या, तोही खाऱ्या पाण्यात उभा राहतो. मिठाला तोंड देण्याच्या वाटा अनेक आहेत, आणि कुठल्या वाणाने कुठली धरली ते एकेक तपासावं लागतं.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे वरचं का सांगितलं ते कळेल. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका गावातून एक खारा वाण आणला. उत्साह असा, की खाचरात उतरून दहा-बारा झकास लोंब्या निवडल्या, आणि पुढची पाच वर्षं दर हंगामात त्यातल्याही सर्वांत देखण्या झाडांचं बी ठेवत गेलो. पाचव्या वर्षी प्लॉट असा एकसारखा दिसायला लागला की पाहुण्यांना दाखवताना अभिमान वाटायचा. सहाव्या वर्षी लावणीनंतर दहा दिवसांत उधाणाचं पाणी आलं आणि माझं सगळं रोप जळालं. ज्या बाईंच्या शेतातून मी बी आणलं होतं, त्यांच्याकडे त्याच पाण्यात चौथा हिस्सा उभा होता. त्यांनी मला पुन्हा बी दिलं. वर हसून म्हणाल्या, तुमचं फार नीटनेटकं होतं.

यामागचं गणित साधं आहे. एखादा गुण शंभरातल्या पाच झाडांत असेल, आणि तो आपल्या हाती लागेलच अशी 95 टक्के खात्री हवी असेल, तर शेतातून निदान 59 झाडांचं बी घ्यावं लागतं. दहाच झाडं घेतली तर तो गुण शेतातच राहून जायची शक्यता 60 टक्के. मी बारा घेतली होती, आणि तीही निवडून.

म्हणून या हंगामात कापणीच्या आधी तुम्ही स्वतः जा. पाचही गुंठ्यांतून आडवं-तिडवं चाला, आणि दर पाच-सहा पावलांवर एक, अशा शंभर ते दीडशे चुडांतून प्रत्येकी एकच लोंबी घ्या. उघाडीजवळच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, खोलगट, खाऱ्या कोपऱ्यातून न विसरता घ्या; तिथलं भात खुरटं दिसेल, तरी घ्या. चांगली-वाईट निवडू नका. शेजारच्या सुधारित वाणाची झाडं मात्र ओळखून बाजूला काढा. भेसळ आणि वाणाचा आपला फरक यातली रेघ कुठे ओढायची ते पुस्तकात मिळणार नाही, आजींना विचारा. ‘हे आपलं नाय’ असं त्या लांबून सांगतील. ही एकेक लोंबीची पुडी आजींच्या पाच किलोंपेक्षा वेगळी ठेवा.

भात स्वतःच्याच परागाने फळतं, परपरागीभवन टक्काभर किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे बीजप्रमाणीकरणात दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरेसं मानतात. हे सगळं भाताचं झालं. काकडी-दोडक्याला लावू नका. वेलवर्गीय भाज्या, मका, बाजरी यांचा पराग दूरवर जातो, तुरीचा मधमाश्या नेतात. तिथे अंतर शेकडो मीटरांत मोजावं लागतं आणि झाडंही जास्त लागतात. तुरीचं जुनं बी पाच झाडांवरून ठेवलं आणि शेजारी बाजारातला वाण उभा असेल, तर तीन वर्षांत नाव जुनं आणि दाणा भलताच.

आता साठवण. बियाण्याचं आयुष्य दोन गोष्टी ठरवतात, ओल आणि उष्णता. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा जुना नियम आहे: ओल एक टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट, तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. म्हणजे 14 टक्क्यांवरचं बी 9 टक्क्यांवर आणलंत तर कागदावर 32 पट. तीस अंशांवरून पाच अंशांवर नेलंत तरी तेवढंच, 32 पट. फ्रिज जे काम करतो ते नुसतं वाळवण्यानेही होतं, आणि न वाळवता फ्रिजमध्ये घातलेलं बी बुरशी धरतं. पुण्यामुंबईच्या हौशी लोकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत, भाजीच्या कप्प्यात ठेवलेलं किती तरी मौल्यवान बी मी फेकून दिलंय.

अडचण अशी, की किनाऱ्याची हवाच दमट. बी उन्हात कितीही कडक केलं तरी रात्रभर उघडं राहिलं की परत ओल पिऊन घेतं. जुन्या लोकांनी यावर मुडी काढली होती, पेंढ्यात घट्ट बांधलेलं बी, वर माळ्यावर चुलीच्या धुरात. त्याने एक पावसाळा निभावतो, आणि त्यांना तेवढाच निभावायचा असे, कारण दर साली पेरणी होतीच. तुम्हाला जास्त हवंय, तर जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात वाळवा, दुपारचं रणरणतं ऊन टाळा. मग कढईत तांदूळ कोरडे भाजून, बंद डब्यात गार करून, बियाण्याच्या बरोबरीच्या वजनाचे पातळ कापडात बांधून काचेच्या बरणीत बियाण्यासोबत ठेवा. आठवड्याने ते तांदूळ काढून टाका. बी पुरेसं वाळलं का ते पाहायला ओंजळभर बी आणि चमचाभर कोरडं मीठ बाटलीत घालून हलवा; मीठ काचेला चिकटलं तर ओल अजून फार आहे. चिकटलं नाही म्हणजे काम संपलं असं नाही, निदान धोक्याबाहेर आलं इतकंच. मग बरणी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये खुशाल ठेवा. बाहेर काढल्यावर मात्र लगेच उघडू नका, बरणी खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर आत दंव धरतं. दोन वर्षांनी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. 85 च्या खाली आली की पेरून नवं बी धरायची वेळ झाली.

जीन बँकेला पाठवा का? पाठवा. दिल्लीला राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे, 1976 पासूनचा. तिथल्या बँकेत बी वाळवून उणे 18 अंशांवर ठेवतात, साडेचार लाखांच्या आसपास नमुने आहेत. त्यांचं एक केंद्र विदर्भातल्या अकोल्याला आहे. नमुन्यासोबत गाव, जमीन, हळवं (लवकर पिकणारं) की गरवं (उशिरा), रहू म्हणजे मोड आलेलं बी टाकून करता की लावणीने, भाकरीला की भाताला, आणि आजी त्याला काय म्हणतात, हे सगळं लिहून द्या. ही माहिती नसलेला नमुना म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. त्याआधी किंवा त्याबरोबर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला गाठून लोकजैवविविधता नोंदवहीत राताची नोंद करून घ्या. समित्या 2002 च्या कायद्याने आल्या. पुष्कळ ठिकाणी त्या कागदावरच असतात, तरी मागे लागा. आणि 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी होते, शेतकऱ्याला शुल्क नाही. बी ठेवणं, पेरणं, देणं-घेणं, ब्रँड न लावता विकणं, हा हक्क त्याच कायद्यातला आहे. मामांना ते सांगा, कारण ‘घरचं बी दिलं तर कंपनी केस करते’ अशी एक अफवा रायगडात फिरत असते.

पण बँकेत ठेवलेलं बी झोपलेलं असतं. त्याला यंदाचं उधाण कळत नाही, नवा करपा कळत नाही. पंचवीस वर्षांनी ते जागं केलं तर ते पंचवीस वर्षांपूर्वीच्याच हवामानाला तयार असेल. खाचरातला राता मात्र दर साली थोडा थोडा बदलत आलेला असेल. म्हणून मी दोन्ही करतो, आणि निवडायचंच झालं तर खाचर निवडतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या घरातल्या मडक्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. त्या मडक्यांमागे दर वर्षी होणारी पेरणी आहे, गावागावातल्या बायांना वाटलेलं बी आहे, ते फोटोत येत नाही. तुम्हीही पाच गुंठ्यांतलं बी गावातल्या चार घरांत द्या. एका घरी नापीक झालं, एक म्हातारी गेली, तरी त्यातली दोन घरं राहतात. आणि मामांना राता पिकवायला लावायचा तर पुण्यात त्याचा तांदूळ घेणारी दहा घरं शोधा. लाल तांदळाला आज गिऱ्हाईक आहे. नुसत्या आठवणीसाठी कुणी दर साली बेणणी (तण काढणी) करत नाही, आणि का करावी?

ज्वारीतलं उदाहरण देतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला मालदांडीतून निवड करून एम 35-1 हा वाण निघाला, तो इतका गुणी की रब्बीचा पट्टा त्याने व्यापला. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण गूळभेंडी, कुचकुची, सुरती या जाती उरल्या त्या पोत्याने विकायच्या म्हणून नव्हे, हुरड्यासाठी. माणसाच्या जिभेने त्या सांभाळल्या.

देवभाताकडे येतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून जे पसईचे तांदूळ शोधत फिरतात, ते हेच. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांत त्याला देवधान म्हणतात. संस्कृतातलं नीवार, आणि त्यावरूनच एका रानटी भाताचं शास्त्रीय नाव पडलं, ओरायझा निवारा. 1970 च्या सुमारास आशियातल्या भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू पसरला. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले आणि प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडून आलेल्या निवाराच्या एका नमुन्यात. आणि लक्षात घ्या, त्या नमुन्यातल्याही मोजक्याच झाडांत. गोळा करणाऱ्याने एकाच झाडाची एक लोंबी आणली असती तर? तिथले भातशास्त्रज्ञ गुरदेव सिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुण लागवडीच्या भातात आणला, आणि पुढे आयआर 36 हा वाण आशियाभर लाखो हेक्टरांवर गेला.

भेंडीचंही तसंच. हळद्या या विषाणूजन्य रोगाने पानांच्या शिरा पिवळ्या पडून पीक जायचं, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनी या वाणाचा संकर तिच्या रानटी नातलग जातीशी करून परभणी क्रांती काढली. पुढे विषाणू बदलला आणि परभणी क्रांतीवरही बऱ्याच ठिकाणी हळद्या दिसू लागला. मग पुन्हा रानभेंडीकडेच जावं लागलं. हे एकदा जाऊन आणायचं काम नाही.

तरी मामा अगदीच चुकीचे नाहीत. देवभात खाचरात शिरलं की ते तणच. त्याचं भाताशी मिश्रण होतं, दाणे पिकता पिकता गळतात, मळणीला हातात काही येत नाही. छत्तीसगडमध्ये अशा मिश्र तणाला करगा म्हणतात, आणि तो बेणताना ओळखू यावा म्हणून तिथे जांभळ्या पानांचा श्यामला नावाचा भात लावतात. जे हिरवं दिसेल ते उपटा. तेव्हा मामांशी तडजोड अशी करा: खाचरातलं आणि बांधावरचं देवभात लोंबी धरायच्या आत उपटायचं, तणनाशक न मारता. तळ्यातलं आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाचं राहू द्यायचं. राताचं बी धरायची जागा तळ्यापासून शक्य तितकी लांब ठेवा, कारण रानटी भात लागवडीच्या भातापेक्षा परपराग जास्त घेतं आणि तीन मीटरचा नियम त्याला चालत नाही. तळं बुजवलं नाही आणि पाण्यात औषध गेलं नाही तर दुसरं काही करावं लागत नाही. त्याचं बी गाळात पडून राहतं, सगळं एकदम उगवत नाही, दोन वाईट सालं तेच काढतं. तुम्हाला नमुना हवाच असेल तर लोंबीला पातळ कापडाची पिशवी बांधा, नाहीतर तुम्ही पोहोचेपर्यंत दाणे पाण्यात गेलेले असतात.

राहिला आंबा. इथे बरणी, फ्रिज, जीन बँक, काहीच उपयोगाचं नाही. आंबा, फणस, जांभूळ यांचं बी वाळलं की मरतं, थंडीतही मरतं. झाड जिवंत झाडातच सांभाळावं लागतं. कोय लावून तोच आंबा येईल ही आशाही धरू नका; आपल्याकडचे बहुतेक रायवळ कोयीतून जसेच्या तसे येत नाहीत, कारण त्या कोयीतलं रोप आई-बापाचं मिश्रण असतं. म्हणून तर प्रत्येक रायवळची चव वेगळी, आणि म्हणूनच एक गेला की तो गेला. हापूस कलमांचा, म्हणजे सगळ्या बागा एकाच झाडाच्या प्रती असल्यासारख्या; त्याला साका (गर आतून खराब होण्याचा दोष) धरतो तर सगळ्यांना धरतो. वेंगुर्ल्याच्या केंद्राने 1981 मध्ये रत्ना काढला तो हापूसला नीलमचा संकर करून, साका नसलेला. उपाय हापूसच्या बाहेरून आणावा लागला.

तेव्हा रस्त्याची माणसं यायच्या आत कलमं करा. रायवळच्याच कोयी मे-जूनमध्ये गोळा करून वाफ्यात रुजत घाला. जुलै-ऑगस्टमध्ये रोपं कोवळी तांबूस असतानाच कोय कलम होतं, म्हणजे त्या रोपावर काडी बांधतात. काडी तुमच्या आंब्याची, तीन-चार महिने वयाच्या डहाळीची, डोळा फुगलेला पण न फुटलेला. काडी कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ ठेवून छाटून टाका. कलम बांधायला गावातलाच कलमवाला बोलवा, पहिल्याच साली स्वतः करू नका. दहा बांधली तर पाच-सहा जगतील. दोन मामांकडे, एक शाळेच्या आवारात, उरलेली ज्या चार घरांत राता दिलात त्यांच्याकडे. आणि फळ असेपर्यंत आजींकडून त्या झाडाचं नाव लिहून घ्या. परसातल्या प्रत्येक रायवळला नाव असतं, शेपू, खोबऱ्या, काळ्या असं काहीतरी, फक्त घरातल्यांनाच ठाऊक.